राखीव फायरवॉलची खबरबात

चि. सोनूस,


परवा फोनवर तू सांगितलंस की तुमच्या रुग्णालयात दोन नव्या फायरवॉल लागल्या, एचए, म्हणजे एक पेटी गेली की दुसरीने ताबा घ्यायची सोय, झालं, कंपनीचा इंजिनिअर सही-शिक्का घेऊन नागपूरला परतही गेला आणि आता नेट जायचा प्रश्नच उरला नाही. तुझा आनंद ऐकून मी तेव्हा काही बोललो नाही. पण वर्धा जिल्ह्यातल्या सर्व्हर रूममध्येच माझी उमर गेली, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून निवांत लिहितो. आर्वी, हिंगणघाट, पुलगावकडची बरीच मुलं-मुली आता याच कामात येत आहेत. त्यांच्याही हाती पडावं म्हणून हे पत्र उघडंच ठेवतो.

सरळ सांगतो. दोन फायरवॉल आहेत एवढ्यानं नेट टिकत नाही. दोघींच्या प्रत्येक कामाच्या पोर्टवर कोणाची तरी नजर असते, म्हणून ते टिकतं. त्यातही जी फायरवॉल काम करत नाही, नुसती राखीव उभी आहे, तिच्याकडे जास्त बघावं लागतं. चालू फायरवॉलचा पोर्ट गेला तर पाच मिनिटांत ओपीडीतून फोन येतो. राखीव फायरवॉलचा पोर्ट गेला तर कोणाचाच फोन येत नाही. तो तसाच मेलेला पडून राहतो, आणि ज्या दिवशी तिची गरज पडते त्या दिवशी समजतं.

असंच घडलेलं एक रुग्णालय मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. दुपारी चालू फायरवॉलचा पॉवर सप्लाय गेला. राखीव फायरवॉलने क्षणात ताबा घेतला, दिवे हिरवे झाले, पण नेट आलं नाही. मला बोलावलं तेव्हा सगळे लीज लाइनच्या कंपनीला फोन लावत होते. मी रॅकच्या मागे बॅटरी घेऊन गेलो. राखीव फायरवॉलच्या वॅन पोर्टमधली पॅच कॉर्ड अर्धवट बाहेर आलेली होती. कनेक्टरची क्लिप तुटलेली, पोर्टच्या तोंडाशी धूळ. कधीतरी शेजारच्या स्विचची केबल ओढताना हिला धक्का लागला असणार. धूळ बघता तो काही त्या आठवड्यातला नव्हता. कॉर्ड बदलली आणि नेट आलं. लाखो रुपयांची दुसरी पेटी एका क्लिपपायी कितीतरी दिवस असून नसल्यासारखी होती, आणि रुग्णालयाच्या कागदावर मात्र एचए चालू होतं.

याचं मोल आपल्याकडे किती आहे ते तुला वेगळं सांगायला नको, तरी लिहितो. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय 1940च्या दशकात डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलं. 1969 साली तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. मोठ्या शहरांतल्या कितीतरी दवाखान्यांत केसपेपर हाताने लिहिले जात होते, त्या काळात या खेड्यातल्या रुग्णालयाने सी-डॅकच्या मदतीने सगळं कामकाज संगणकावर नेलं. सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. या दोन्ही ठिकाणी वर्ध्यापुरतेच रुग्ण येत नाहीत, यवतमाळ-चंद्रपूरकडचे येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी ऑनलाइन असते. 2021च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे नोंदणीही आता नेटवरच येऊन ठेपली आहे. कारंजा-आष्टीहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस हातात रेशन कार्ड घेऊन खिडकीपाशी उभा असतो, आणि "सर्व्हर डाउन आहे, बसा" एवढंच त्याला ऐकायला मिळतं. त्याची शेवटची बस संध्याकाळी असते. माझ्या मते फायरवॉलचं काम हे त्या माणसाचं काम आहे. आयटीच्या खोलीपुरतं ते कधीच नव्हतं.

आता कामाचं बोलू.

तुमच्या दोन फायरवॉलमध्ये हार्टबीटची केबल आहे. तिच्यावरून एक दुसरीला सारखं कळवत असते की मी चालू आहे. व्हीआरआरपी नावाचा खुला प्रोटोकॉल 1998 साली आला, त्यात हा निरोप साधारणपणे सेकंदाला एक जातो. तीन निरोपांइतका वेळ काहीच आलं नाही, की राखीव पेटी आणखी थोडं थांबून ताबा घेते. 100 ही नेहमीची प्रायॉरिटी धरली तर हे सगळं मिळून 3.6 सेकंदांच्या आसपास होतं. कंपन्यांचे आपापले प्रोटोकॉल याहून जलद असतात. पण हार्टबीट एवढंच सांगतो की पेटीत जीव आहे. त्या पेटीचा लीज लाइनचा पोर्ट मेला आहे, कोअर स्विचकडे जाणारी केबल निघाली आहे, याचा हार्टबीटशी काही संबंध नाही. पेटी आपली निरोप पाठवतच राहते, राखीव पेटी आपली निवांत बसते, आणि रुग्णालय नेटविना राहतं.

म्हणून कोणत्या पोर्टवर नजर ठेवायची याची यादी फायरवॉलला द्यावी लागते. फोर्टिगेटमध्ये ही यादी मुळात रिकामी असते. आपण भरली नाही तर पोर्ट बंद पडूनही फेलओव्हर, म्हणजे ताबाबदल, होत नाही. पालो आल्टोमध्ये लिंक मॉनिटरिंग आणि पाथ मॉनिटरिंग अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे कोणतीही कंपनी असो, उद्या सकाळी गेलीस की आधी ही यादी उघडून बघ. इंजिनिअरने एचए "लावून दिलं" म्हणजे बहुतेक वेळा दोन पेट्या एकमेकींना दिसतात इतकंच झालेलं असतं.

यादीत काय घालायचं हा मात्र डोकं लावायचा भाग आहे. लीज लाइनचे पोर्ट हवेत, कोअर स्विचकडे जाणारे हवेत, सर्व्हरचा वेगळा पोर्ट असेल तर तोही हवा. हार्टबीटचे पोर्ट या यादीत घालू नयेत. जो पोर्ट रात्री कोणीतरी स्विच बंद करून घरी जातो म्हणून डाउन होतो, तोही घालू नये, नाहीतर एका छोट्या कार्यालयाचा स्विच रोज संध्याकाळी अख्ख्या रुग्णालयाला फेलओव्हर करायला लावेल. आणि ही यादी एचए नीट जुळल्यानंतरच भर. केबली पूर्ण लागायच्या आत भरली तर दोन पेट्या आपसांत ताबा फेकत राहतात.

फोर्टिगेटची निवडीची रीत तुला ठाऊक असावी. ओव्हरराइड, म्हणजे मुख्य पेटीने बरी झाल्यावर ताबा आपोआप परत घेणं, बंद असेल तर ती आधी बघते की नजरेखालचे जास्त पोर्ट कोणाचे जिवंत आहेत. ते बरोबरीत असले तर कोण जास्त वेळ चालू आहे ते बघते. प्रायॉरिटी त्यानंतर येते आणि सीरियल नंबर सर्वांत शेवटी. याचा एक परिणाम फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही फायरवॉलच्या लीज लाइनच्या केबली एकाच स्विचमध्ये लावल्या आणि तो स्विच गेला, तर दोघींचाही तोच पोर्ट मरतो, हिशोब बरोबरीत सुटतो आणि कोणीच जागची हलत नाही. हललीच तरी उपयोग काय? म्हणून दोन पेट्यांच्या पुढे-मागे स्विचही दोन हवेत, आणि ते वेगवेगळ्या यूपीएसवर हवेत. खरेदीच्या फाइलमध्ये दुसऱ्या फायरवॉलला मंजुरी मिळते आणि दुसऱ्या स्विचवर काट बसते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की त्याचा राग येतो.

ओव्हरराइड रुग्णालयात बंदच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ढिल्या कनेक्टरमुळे पोर्ट चालू-बंद होत असेल आणि मुख्य पेटी दर वेळी "मी बरी झाले" म्हणून ताबा परत मागत असेल, तर प्रत्येक हेलकाव्याला चालू जोडण्या तुटतात. एकदा ताबा गेला की तो तिकडेच राहू दे. कारण शोध, आणि रात्री शांतपणे परत आण. जोडण्या तुटू नयेत म्हणून सेशनची माहितीही दोन पेट्यांमध्ये जुळती ठेवावी लागते. फोर्टिगेटमध्ये हा पर्यायही आपणहून चालू करावा लागतो.

पण सोनू, पोर्ट "अप" आहे म्हणजे वाट मोकळी आहे असं कधीही धरून चालू नको. फायरवॉलच्या पोर्टवरचा हिरवा दिवा फक्त शेजारच्या उपकरणापर्यंतची केबल ठीक असल्याचं सांगतो. तुमच्या भिंतीवरच्या मीडिया कन्व्हर्टरला वीज आहे, म्हणून दिवा हिरवा. त्या कन्व्हर्टरपासून पुढे फायबर रस्त्याच्या कडेला तुटलेलं असलं तरी दिवा हिरवाच राहू शकतो. लीज लाइनच्या कंपनीच्या गेटवेला पिंग लागतो, पण त्याच्या पुढचा रस्ता बंद असतो, असंही होतं. म्हणून लिंकच्या जोडीला वाटेवर नजर हवी. फायरवॉलने बाहेरच्या दोन-तीन भरवशाच्या पत्त्यांना सतत पिंग करत राहायचं, आणि ते सगळे एकदम गप्प झाले तरच वाट गेली असं मानायचं. एकाच पत्त्यावर विसंबलीस तर त्या पत्त्याच्या दुखण्याने तुमचं फेलओव्हर होईल.

आपल्या राज्यात या विषयाचा फार मोठा धडा 24 फेब्रुवारी 2021 रोजी मिळाला. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, एनएसईमध्ये, सकाळी 11.40 वाजता सगळे व्यवहार थांबवावे लागले. पर्यायी सोय असावी म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेतल्या होत्या. दोन्ही कंपन्यांच्या लिंकमध्ये बिघाड झाला, त्याने डेटा साठवण्याची यंत्रणा अडली आणि जोखीम सांभाळणारी प्रणाली बंद पडली. कारण काय, तर त्यांच्या दोन संगणक केंद्रांमधल्या रस्त्यावरचं खोदकाम आणि बांधकाम. दुपारी 3.45 ते 5 या वेळेत बाजार पुन्हा चालवावा लागला. देशातल्या सर्वांत सावध लोकांच्या ठिकाणी जे घडलं ते आपल्या जिल्ह्यात घडायला किती वेळ लागतो? समृद्धी महामार्ग आपल्या सेलू-आर्वीच्या भागातून गेला, नागपूर-तुळजापूर रस्ता रुंद झाला, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम निघालं. जिथे जेसीबी तिथे फायबर कट, हे आता पाठच झालंय. तेव्हा तुमच्या दोन लीज लाइन दोन कंपन्यांच्या आहेत एवढ्यावर समाधान मानू नको. त्या आवारात कुठून शिरतात ते पायी फिरून बघ. गेटपासून एकाच चरातून, एकाच खांबावरून येत असतील तर साहेबांना लेखी कळव आणि पोच घे.

आता ताबा बदलल्यानंतरची गोष्ट. सेवाग्रामचं आधीचं नाव शेगाव. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले आणि त्यांची टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. नेटवर्कमध्ये हा घोटाळा प्रत्येक फेलओव्हरला होऊ शकतो. पत्ता तोच, पण तो आता दुसऱ्या पेटीकडे आहे, हे शेजारच्या स्विचला आणि राउटरला कळलं पाहिजे. म्हणून ताबा घेणारी फायरवॉल सगळ्यांना एकदम ओरडून सांगते की हा पत्ता यापुढे माझ्या दाराशी. त्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. पलीकडच्या राउटरने ते ऐकलं नाही, तर त्याच्या एआरपीच्या टेबलात जुनी नोंद असेपर्यंत पॅकेट मेलेल्या पेटीकडे जात राहतात. फायरवॉलवर सगळं ठीक दिसतं आणि नेट मात्र बराच वेळ येत नाही. असं झालं तर आधी लीज लाइनच्या राउटरचं एआरपी टेबल बघ.

हार्टबीटची केबल कधीही एकच ठेवू नको. ती एकुलती तुटली की दोघींनाही वाटतं दुसरी गेली, आणि दोघीही अ‍ॅक्टिव्ह होतात. एकच पत्ता दोन ठिकाणी उभा राहतो, स्विच गोंधळतो, आणि नेट येतं-जातं, येतं-जातं. स्प्लिट ब्रेन म्हणतात ते हेच. नेट साफ बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण पहिला तासभर कोणाला कारणच सापडत नाही. दोन हार्टबीट केबली हव्यात, वेगळ्या पोर्टमधून, आणि होता होईल तो एका पेटीतून थेट दुसरीत.

राहिला रोजच्या पाहणीचा विषय. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. तुमचं मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर एसएनएमपीने फायरवॉलच्या सामाईक पत्त्याला विचारत असेल, तर उत्तर चालू पेटीच देते. राखीव पेटीचे पोर्ट त्यात दिसत नाहीत. दोघींना आपापला वेगळा मॅनेजमेंट पत्ता दे आणि दोघींनाही स्वतंत्रपणे विचार. वर सांगितलेली तुटक्या क्लिपची केबल अशा पाहणीत पहिल्याच दिवशी लाल दिसली असती.

दर पाच मिनिटांनी विचारून भागत नाही. मधल्या वेळात पोर्ट पडून उठला तर आलेख साफ सरळ दिसतो. म्हणून पोर्टची अवस्था शेवटची कधी बदलली ती वेळही गोळा कर आणि लिंकडाउनचे ट्रॅप चालू ठेव. रहदारीची मोजणी 64 बिटांच्या काउंटरवर घे. 32 बिटांचा काउंटर 1 गिगाबिटच्या भरलेल्या पोर्टवर 34 सेकंदांत एक फेरी पूर्ण करून पुन्हा शून्यावर येतो, मग पाच मिनिटांच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. एररचा काउंटर मात्र रोज बघ. सीआरसी एरर शून्य असायला हवेत. ते रोज थोडे थोडे वाढत असतील तर केबल किंवा मॉड्यूल दुखतंय असं समज. फायबरच्या मॉड्यूलवर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते, ती वहीत लिहीत जा. 3 डीबी कमी होणं म्हणजे प्रकाश निम्म्यावर येणं. पोर्ट पडायच्या कितीतरी दिवस आधी हा आकडा बोलतो.

मे महिन्यात जास्त जप. पारा 45च्या वर गेला, एसीने मान टाकली, की आपल्याकडच्या सर्व्हर रूममध्ये आधी मॉड्यूल आणि पंखे कुरकुरतात. पेटीच्या आतलं तापमानही एसएनएमपीने मिळतं, त्याचा अलर्ट लाव. मृगाच्या आधीच्या विजांनी तांब्याच्या केबलीचे पोर्ट जळतात. इमारतीबाहेर जाणारी केबल तांब्याची ठेवूच नये.

आणि अलर्ट ईमेलने येणार असेल, तर नेट गेल्यावर ईमेल जाणार कुठून? सिमकार्डाचं जीएसएम मोडेम घे, त्याची किंमत फायरवॉलच्या मानाने नगण्य आहे. एसएमएस तुला आणि आणखी एकाला जावा. एकट्या माणसाच्या मोबाइलवर रुग्णालय सोपवणं मला मान्य नाही. तुलाही आजारपण असेल, लग्नकार्य असेल.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खरी परीक्षा. ठरलेल्या रात्री, कॅज्युअल्टी आणि आयसीयूच्या सिस्टरांना आधी सांगून, लेखी परवानगी घेऊन, दोन मोबाइलवर पिंग लावून, चालू फायरवॉलची लीज लाइनची केबल हाताने काढायची. एक-दोन पिंग चुकतात आणि उत्तरं परत सुरू होतात, तिथे खरं एचए आहे. मग ती लावून, त्या वेळी ताबा असलेल्या पेटीची कोअर स्विचकडची काढायची. मग हार्टबीटची एक. मग चालू पेटीची वीज. प्रत्येक वेळी काय झालं, किती सेकंद लागले, अलर्ट आला की नाही, ते वहीत लिहायचं. कॉन्फिगरेशनच्या पानावरचा हिरवा ठिपका बघून सही करणाऱ्या माणसाला मी जबाबदार माणूस मानत नाही. केबल काढून बघितल्याशिवाय एचएच्या कागदावर तू कधीही सही करू नको, समोर कोणीही असो.

येत्या महिन्यातली एक रात्र ठरव आणि ही परीक्षा घे. मी वर्ध्यातच आहे, बोलावलंस तर सोबत येऊन उभा राहीन. राखीव पेटीचा कोणता पोर्ट बंद निघाला, ते मला पत्राने कळव.

तुझा,
मामा